चार चुलींचा मुलूख

आमचा मुलूख परभणीच्या स्टेशनरस्त्याला लागून होता. एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला दवाखान्याची मागची भिंत, मधोमध विहीर आणि तिच्याभोवती चार घरं. चार घरं म्हणजे चार सुभे. मी त्या मुलखाची सदर-ए-आझम, म्हणजे मुख्य प्रधान होते, आणि एवढी वर्षं झाली तरी माझ्यापेक्षा बरा सदर-ए-आझम मला अजून कुणी दाखवलेला नाही.

या मुलखाने बारीकसारीक फर्मानं पुष्कळ काढली, पण खरा निर्णय त्याच्यापुढे एकदाच आला. चारातल्या एका घराने राहायचं की निघून जायचं, हा तो निर्णय. ते घर माझ्या मैत्रिणीचं होतं. तीच हकिगत मला सांगायची आहे, पण आधी मुलूख कसा चालायचा हे सांगितल्याशिवाय ती कळणार नाही.

आमचं घर मराठी. झरीला शेती, घरची ज्वारी, घरचं तूप. पण भावांच्या शाळेसाठी वडिलांनी परभणीत बिऱ्हाड केलं आणि भावांच्या मागे मीही हट्टाने शाळेत घुसले. समोरच्या घरात तेलुगू कुटुंब. तिथले काका रेल्वेत होते, त्यांना सगळे स्टेशनबाबू म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अक्का. तिसऱ्या घरात दवाखान्यातले कानडी कंपाउंडर आणि त्यांची बायको, आमची काकू. चौथं घर मास्तरांचं. ते सरकारी शाळेत उर्दू आणि तवारीख, म्हणजे इतिहास, शिकवायचे. त्यांच्या बायकोला आम्ही खाला म्हणायचो, आणि त्यांची मुलगी ती माझी मैत्रीण. तिचे केस कमरेपर्यंत होते आणि डोकं माझ्याहून थंड, म्हणून मी तिला खजिना आणि परराष्ट्र अशी दोन्ही खाती दिली होती.

मुलूख सुरू झाला तो मास्तरांच्या एका वाक्यावरून. तेव्हा मोठी माणसं वर्तमानपत्रं वाचून रोज वाद घालायची, की इंग्रज गेल्यावर काय होणार, संस्थानांचं काय, आणि हा ‘वफाक’, म्हणजे संघराज्य, नक्की काय. मी मास्तरांना विचारलं. ते विहिरीकडे बोट दाखवून म्हणाले, “बेटी, चार घरों के चार चूल्हे, और पानी एक. बस, यही वफाक है.” मला ते इतकं पटलं की त्याच शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, मी सगळ्या पोरांना कडुनिंबाखाली जमवून राज्य स्थापन केलं.

नावावरून भांडण झालं. प्रत्येक सुभ्याला आपल्या बोलीतलं नाव हवं होतं. दोन शुक्रवार त्यातच गेले, तेव्हा मी वैतागून जाहीर केलं की राज्याला नाव नाही, नुसतं ‘मुलूख’ म्हणा. झेंडा मात्र झोकात झाला. काकूच्या खणाचा तुकडा, अक्काच्या जुन्या साडीचा काठ, खालाच्या ओढणीचं टोक आणि आमच्या घरच्या मांजरपाटाची पट्टी, असं चौघांचं शिवून कडुनिंबाला लावलं. करोडगिरी सुद्धा होती. निजामाच्या हद्दीवर मालाला जकात लागायची, तशी आमच्या अंगणातून खायचं काही घेऊन जाणाऱ्याला आम्ही अडवायचो आणि मूठभर शेंगा किंवा गुळाचा खडा काढून घ्यायचो. स्टेशनबाबूंनी एकदा पिंगळीहून बोरं आणली, तर निम्मी बोरं त्यांच्या दारापर्यंत पोचलीच नाहीत. “इतनी जकात तो सरकार भी नहीं लेती,” असं ते हसत हसत म्हणाले.

याचा अर्थ आम्ही सगळे गळ्यात गळे घालून राहत होतो असा मुळीच नाही. विहीर एक, पण चार घरांचे चार दोर आणि चार पोहरे. दुसऱ्याच्या पोहऱ्याला हात लागला की बोलाचाली व्हायची. माझी आई मास्तरांच्या घरचं पाणी पीत नसे. त्यांच्या भांड्याला चुकून हात लागला तर धुऊन घ्यायची, आणि खालाला ते ठाऊक होतं, म्हणून ती आमच्याकडे ईदची शीरखुर्म्याची सामग्री कोरडीच पाठवायची. दूध आमचं, शेवया त्यांच्या. आईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि खालालाही नाही. मला वाटायचं, पण माझं कोण ऐकतं?

आमच्या मुलखाचा सगळ्यात गाजलेला कायदा धुण्याच्या दगडावरून झाला. विहिरीजवळ एकच चांगला गुळगुळीत दगड होता. अक्का म्हणायची सकाळी पहिला हक्क माझा, काकू म्हणायची माझा. अक्का तेलुगूत भांडायची, काकू कानडीत. दोघींना एकमेकींचं धड कळत नसे, त्यामुळे भांडण संपायचं काही कारणच नव्हतं. रोज सकाळी तीच कटकट. मला वीट आला. एका शुक्रवारी मी दोघींना कडुनिंबाखाली बोलावलं आणि फर्मान सोडलं, “आजपासून भांडायचं असेल तर समोरच्याची बाजू मांडायची. समोरच्याच्या बोलीत. आणि ‘ती म्हणते’ असं नाही म्हणायचं, ‘मी’ म्हणायचं. जणू आपणच ती.”

पोरीचा खेळ म्हणून दोघी तयार झाल्या. अक्का उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि तोंडच उघडेना. कारण तिला कानडीत येत होत्या त्या फक्त काकूने तिला आजवर घातलेल्या शिव्या. शेवटी तिने त्याच म्हणून दाखवल्या. काकू हसून हसून खाली बसली. मग काकू उठली आणि अक्का होऊन मोडक्या तेलुगूत म्हणाली, की माझं माणूस पहाटेच्या गाडीला जातं, त्याचा गणवेश वाळला नाही तर साहेब बोलतो. अक्काने चमकून तिच्याकडे पाहिलं. आपलं म्हणणं तिला इतके दिवस कळत होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं, हे अक्काच्या तेव्हा ध्यानात आलं. दगड अक्काला मिळाला, आणि काकूने तो आपणहून दिला.

तेव्हापासून मोठ्यांनीही तो कायदा उचलला. गटार कुणी तुंबवलं, वाळवणात कुणाची शेळी शिरली, काहीही झालं की स्टेशनबाबू म्हणायचे, “चलो, सदर-ए-आझम को बुलाओ.” मी दगडावर बसायचे आणि दोन्ही बाजू उलट्या तोंडांनी ऐकायचे. माझे वडील अशा वेळी तेलुगू बोलायचे तेव्हा अक्काची पोरं जमिनीवर लोळायची. पण तंटे मिटायचे.

पुढे दिवस फिरले. इंग्रज गेले, आजूबाजूचा मुलूख स्वतंत्र झाला, आणि आमच्या निजामाने मात्र आपलं वेगळं राहायचं ठरवलं. मीठ मिळेना, रॉकेल मिळेना. दंडाला पट्टे बांधलेली माणसं रस्त्यावर कवायत करू लागली. झरीची निम्मी माणसं बायकापोरं घेऊन वऱ्हाडात गेली. वडील गेले नाहीत. ते म्हणायचे, “मी कुणाचं काय केलंय? मी न्हाई जात.” वऱ्हाडात जाणारी गावची माणसं वाटेत आमच्याकडे टेकायची, भाकरी खायची आणि पुढे जायची. कुणीतरी ते पाहिलं आणि त्या कवायत करणाऱ्यांना सांगितलं.

ऊन तापलेल्या एका दुपारी ती माणसं आवारात आली. वडिलांना घरातून ओढून विहिरीजवळ नेलं आणि काठ्यांनी मारलं. स्टेशनबाबू आणि कंपाउंडरकाका कामावर होते. मास्तर घरात होते. गावात त्यांना मान होता, त्या टोळीतली दोन पोरं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ते बाहेर येऊन ‘मी या माणसाला ओळखतो’ एवढं म्हणाले असते तरी काठ्या थांबल्या असत्या, असं आईला वाटलं, आणि मलाही वाटतं. आई धावत गेली. तिने मास्तरांचं दार दोन्ही हातांनी बडवलं. वडील पडल्या जागेवरून हाका मारत होते. दार उघडलं नाही.

वडिलांचा डावा हात मनगटात मोडला. कंपाउंडरकाकांनी पट्ट्या बांधल्या, पण हाड वाकडंच जुळलं. आई त्या दिवसापासून मास्तरांच्या घरातल्या कुणाशी बोलली नाही. मी कडुनिंबाचा झेंडा काढला आणि मुलूख बरखास्त केला. मैत्रीण शाळेच्या वाटेवर माझ्यामागे यायची, मी वळून बघायचे नाही. मला तिचा राग नव्हता, तिच्या बापाचा होता. पण बापाचा राग काढायला माझ्याजवळ तीच होती. तो राग बरोबर होता असं मी आजही म्हणते. माझ्या बापाला माझ्या डोळ्यांसमोर मारलं होतं.

पावसाळा सरता सरता भारताची फौज आली. निजामाने हत्यार खाली ठेवलं. स्टेशनवर लोक हार घेऊन धावले, अक्काने साखर वाटली, वडिलांनी वाकड्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. आम्हाला झालेला आनंद खरा होता आणि त्यात कुणाची लाज नव्हती. पण चारच दिवसांत वारं उलटं वाहू लागलं. आता दुसरीच माणसं काठ्या घेऊन फिरू लागली, आणि खेड्यापाड्यांतून वाईट बातम्या येऊ लागल्या. मेले त्यात दंडाला पट्टे बांधलेले थोडे होते. बाकीचे विणकर, अत्तरवाले, शेतकरी, कुणीही.

मास्तरांनी सामान बांधलं. हैदराबादेत त्यांचा भाऊ होता. गाड्या बंद, म्हणून बैलगाडीने पूर्णा जंक्शनपर्यंत जायचं आणि पुढचं पुढे बघायचं, असा त्यांचा बेत होता. सकाळी अंगणात वळकट्या आणि पेटी येऊन पडली. दवाखान्यातून आलेले कंपाउंडरकाका ते बघून थबकले. त्यांनी रात्रभर जखमा शिवल्या होत्या. ते आमच्या ओसरीवर येऊन वडिलांना म्हणाले, “ह्या रस्त्यानं गेले तर हे पोचत नाहीत. पोरीला घेऊन तर नाहीच.”

स्टेशनबाबू म्हणाले, “और यहाँ रहे तो? चार घरांचं आवार एकच आहे. आग लागली तर माझीही पोरं आत आहेत.” ते काही वाईट बोलले नाहीत. जे खरं होतं ते बोलले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “सदर-ए-आझम कहाँ है? कायद्याने होऊन जाऊ दे. मास्तर या घरची बाजू मांडतील, आणि ही आपली बहीण मास्तरांची.” बहीण म्हणजे माझी आई.

ते घर जावं असं मला वाटत होतं आणि माझी मैत्रीण जाऊ नये असंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम होणार नव्हतं. तरी मी जाऊन दगडावर बसले. बसणं माझं काम होतं.

आई म्हणाली, “माझ्या तोंडातून त्या माणसाची बाजू निघायची न्हाई. जीभ झडून पडंल माझी.”

वडील ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, “बोल. अक्कानं काकूची मांडली व्हती. तू काय येगळी हायेस?”

आई उठली. पदर खोचला. तिची दख्खनी म्हणजे बाजारातली, भाजीवाल्याशी घासाघीस करायची. ती मास्तरांच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि बोलायला लागली.

“मैं अंदर था,” ती म्हणाली. “दार लगाके. मेरी बीवी, मेरी पोरगी, मेरे पीछू खडी. बाहेर मारने की आवाज. मैं...” ती थांबली. आता तिला पुढचं माहीत नव्हतं. तिने ते शोधलं, आमच्या सगळ्यांसमोर शोधलं. “मैं कडी कू हात लगाया. लगाया और पीछू देख्या. पोरगी मेरेकू देखरी थी. फिर मेरा हात वैसाच रह गया.”

मास्तरांच्या दारात उभ्या असलेल्या खालाच्या तोंडून हुंदका फुटला. तेव्हा मला कळलं की आईने अंदाजाने सांगितलं ते तसंच्या तसं घडलं होतं.

आईचा आवाज चढला. “मैं डरपोक हूँ. हौ, हूँ! मगर अब रस्ते पे मेरी पोरगी कू लेके किधर जाऊँ? तुम बोलो, किधर जाऊँ?” आणि ती झटकन खाली बसली, कुणीतरी ढकलल्यासारखी.

मग मास्तर पुढे आले. इतकी वर्षं आमच्याशेजारी राहून ते मराठी बोलत नसत; कळायचं सगळं, पण बोलायचे उर्दूतच. त्या दिवशी ते मराठीत बोलले. एकेक शब्द तपासून, वर्गात पोरगं धडा म्हणतं तसं.

“मी ह्या घरची बाई आहे,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही. “माझ्या नवऱ्याला विहिरीजवळ पाडलं. मी धावले. मास्तरचं दार वाजवलं. मी म्हणाले, ‘मास्तर, नुसतं बाहेर या. काही बोलू नका. नुसतं उभं राहा.’ आतून कुणी बोललं नाही. माझा नवरा आधी ‘मास्तर’ म्हणाला. मग ‘देवा’ म्हणाला. मग हात मोडल्यावर त्याने त्याच्या आईला हाक मारली. ती मेलेली आहे, तरी मारली. मग तो नुसतं ‘पाणी’ म्हणत होता. खूप वेळ म्हणत होता. विहीर तिथेच होती.” त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “म्हणून मी म्हणते, हा शेजारी माझ्या कामाचा नाही. ह्याला जाऊ द्या. ह्याच्यासाठी माझी पोरं धोक्यात घालू नका.”

त्यांनी आमची बाजू इतकी चोख मांडली की तिला तोड नव्हती. मी मांडली असती तर एवढी नीट मांडता आली नसती. स्टेशनबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. निकाल मी सांगायचा होता. पण तेवढ्यात वडील ओसरीवरून उतरले आणि मास्तरांकडे चालत यायला लागले.

ते मास्तरांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. खूप दिवसांनी इतक्या जवळ.

“मी आईला हाक मारली व्हती?” त्यांनी विचारलं.

“हौ,” मास्तर म्हणाले.

“त्ये मला ठावं न्हवतं. हिनंबी सांगितलं न्हाई.” “समदं ऐकायलता तुमी?”

“समदं,” मास्तर मराठीत म्हणाले. “रोज ऐकतो.”

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मार खाताना, हात बांधताना, नंतरच्या महिन्यांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “मास्तर, मला ह्या चार महिन्यांत एकच वाटायलतं. मी येवढा वरडलो, अन् माझं कुणीच ऐकलं न्हाई.”

मग त्यांनी पायाजवळची वळकटी उचलायचा प्रयत्न केला. डाव्या हाताने जमेना. मास्तरांनी दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून ती परत मास्तरांच्या घरात नेली.